दुर्बिणीतली हलणारी फुली

पहिल्यांदा खटकलेली गोष्ट अगदी लहान होती. बंदूक शिकंज्यात घट्ट आवळलेली होती, आणि तरी तिच्यावरच्या दुर्बिणीतली फुली हलली.

आमच्या माडीवरून देवळाचा कळस दिसतो. दुर्बीण दुरुस्त झाली की ती बंदुकीवर चढवायची, बंदूक लाकडी शिकंज्यात आवळायची आणि फुली कळसाच्या टोकावर धरून पाहायची, असा बाबांचा नेम. त्या सकाळी पाहायची पाळी माझी होती. फुली बरोबर टोकावर बसली. तेवढ्यात खाली आईच्या हातून पितळी पडली. मी दचकले, मान बोटभर वर गेली. आणि फुलीसुद्धा वर गेली. कळस सोडून थेट आभाळात. मान खाली घेतली, तशी तीही मुकाट्याने खाली आली.

मी कुणालाच काही बोलले नाही. दर्यापूरला माझे आजोबा सोनारकाम करायचे. एके दिवशी ते म्हणाले, "रेघ हलून राहिली." पाटल्यांवर कोरलेली रेघ. सगळे हसले. दोन वर्षांनी त्यांना भाकरी कुठं आहे ते हात धरून दाखवावं लागायचं. हा रोग रक्तातून येतो, असं आमच्या घरात सगळे मानतात. मी विसाव्या वर्षात होते, आणि माझी रेघ हलली होती.

मुंबईच्या कॉलेजातल्या मैत्रिणी अजून भेटल्या की म्हणतात, तुझ्या त्या दुकानातलं काहीतरी सांग. मला काही ठरवून आठवावं लागत नाही. सरकी काढायच्या दिवसांत घरात रुई कुणी आणून ठेवत नाही, तरी ती कोनाड्यात, पाटाखाली, वेणीत साठतेच. तसंच हे. झटकायला गेलं की आणखी निघतं.

तर दुकान म्हणजे अमरावतीला, राजापेठेत. बाबा मूळचे सोनार. पण तिकडं अमेरिकेत लढाई जुंपली आणि इकडं आमच्या काळ्या मातीतल्या कापसाला असा भाव चढला की अकोल्यापासून अमरावतीपर्यंत गोरे अडते उतरले. त्यांची घड्याळं बंद पडू लागली. बारीक हाताचा माणूस म्हणून बाबांकडे घड्याळं आली, घड्याळांमागून दुर्बिणी आल्या, आणि शेवटी बंदुकीवर बसवायच्या दुर्बिणी. लोखंडाचं काम शेजारचे कादरचाचा करायचे. ते पिढीजात बंदूकसाज. काचेचं काम बाबांचं.

आणि धाग्याचं काम माझं. हे, म्हणजे माझे यजमान, मुंबईला तारखात्यात लागले तेव्हा मला सोबत घेऊन गेले. दिवसभर भिंती बघत बसण्यापेक्षा शीक म्हणाले, आणि मास्तरणी तयार करणाऱ्या कॉलेजात घातलं. दोन वर्षांनी त्यांची बदली रेल्वेच्या नव्या लाइनीवर, तंबूत झाली. घर मिळेपर्यंत मी माहेरी आले. रिकामी बसलेली पाहून बाबांनी माझ्यापुढे एक पितळी कडं ठेवलं. अंगठीपेक्षा थोडं मोठं. त्यावर दोन धागे आडवे-उभे ताणून लाखेने चिकटवायचे. ती फुली. दुर्बिणीत डोळा लावला की ती जिथं दिसेल, तिथं गोळी.

ते धागे कोळ्याचे असतात, हे बाबांनी मला कडं हातात दिल्यावर सांगितलं.

*

मला कोळ्याची भीती वाटते. झुरळाची, पालीची, अचानक शिंकणाऱ्या माणसाचीही वाटते, पण कोळ्याची जास्त. ह्यांनी मुंबईहून अंदाजाने आणलेल्या लाल गोंड्याच्या वहाणा मला एक बोट मोठ्या होत्या. त्यामुळे मी दचकले की आधी डाव्या पायातली वहाण पळायची, मग मी. कादरचाचा तर वहाण पाहूनच सांगायचे. दारात एकटी वहाण दिसली की आत शिरताना म्हणायचे, "क्या निकला बेटी, पाल या झुरळ?"

कोळी धरून आणायचे तेही तेच. तपकिरीच्या रिकाम्या डबीत घालून आणायचे आणि दुकानाच्या मागल्या भिंतीवर सोडून द्यायचे. तिथं ते जाळी विणत. बाबांनी तिथली जाळी झाडायला बंदी केली होती, पण ही बंदी आईला कुणी सांगितली नव्हती.

दिवाळी तोंडावर आली. आईने पदर खोचला, लांब काठीला केरसुणी बांधली आणि अख्खी भिंत लख्ख केली. बाबा दुकानात आले ते भिंतीकडे बघत उभेच राहिले.

"काय झालं?" आईने विचारलं.

"माल झाडला तू."

आईला वाटलं चेष्टा. मग कादरचाचांनी समजावून सांगितलं, तेव्हा ती खरीच ओशाळली. दुपारभर तिने गोठ्यातून, लाकडांच्या ढिगामागून कोळी हुसकून आणून भिंतीला लावले. संध्याकाळी एका अडत्याचा मुनीम दुर्बीण न्यायला आला. बाबा घरी नव्हते. आईने त्याला ओट्यावर बसवलं, पाणी दिलं, आणि म्हणाली, "बसा जरा. तुमचा माल आत्ताच भिंतीवर चढून राहिला."

*

बाबांचा दुसरा एक नेम होता. नवं काम घरातून जाताना त्याला कुंकू लावायचं. घड्याळ असलं तर झाकणाच्या आत, दुर्बीण असली तर फुलीच्या कड्याला. टिकली मी लावायची, टाचणीच्या डोक्याएवढी, धागे ज्या अंगाला चिकटवले त्याच अंगाला. मग बाबा कडं नळीत बसवायचे, ते टिकलीचं अंग डोळ्याकडे येईल असं. कुंकवाकडे पाठ करायची नाही म्हणायचे.

अकोल्याचा एक साहेब होता, रुईच्या गठ्ठ्यांच्या कामावरचा. चांगला हसरा माणूस. दुर्बीण घेऊन गेला आणि पंधरा दिवसांनी बैलगाडीने परत घेऊन आला. कादरचाचांशी तो हिंदुस्तानीत बोलायचा. म्हणाला, "सब हिरन लाल टीका लगाके आता है."

बाबांनी नळी डोळ्याला लावली. कुंकू सुटून धाग्यावर बसलं होतं. त्यामुळे ज्या हरणावर फुली धरावी त्याच्या कपाळावर तांबूस ठिपका. बाबा जरासुद्धा न अडखळता म्हणाले, "त्याले म्हणा, त्या सवाशिणी हायेत. त्यांले मारू नको."

कादरचाचांनी जसंच्या तसं सांगितलं. साहेब पोट धरून हसला आणि नळी साफ करून घेऊन गेला.

मला मात्र हसू आलं नाही. काम माझं होतं. कुंकू धाग्यावर गेलं ते माझ्या टिकलीमुळे. मी कुणाला न सांगता एक युक्ती केली. त्यानंतर टिकली कड्याच्या दुसऱ्या, कोऱ्या अंगाला लावायला लागले. बाबांचा नेम राहिला, धागाही स्वच्छ राहिला. आपल्याला बरं सुचलं, असं वाटून मी दोन दिवस खुशीत होते.

*

आता ती फुली आभाळात गेल्यानंतरचं सांगते.

माझे डोळे तपासायचे तर कुणाला कळू न देता. म्हणून मी रोज सकाळी कापडं वाळत घालायच्या निमित्ताने माडीवर जायची आणि रस्त्याने जाणाऱ्या कापसाच्या गाड्यांचे बैल मोजायची. लांबून मोजायचे, मग गाड्या दाराशी आल्या की पुन्हा मोजायचे. आकडे जुळले की पाणी प्यायचं.

एका सकाळी वर गेले तर बाबा आधीच उभे. कठड्याला टेकून, ओठ हलताहेत. मी नीट पाहिलं. तेही मोजत होते.

त्यांनी मला पाहिलं. मग ते उगीच मोठ्याने म्हणाले, "आज गाड्या लय हायेत."

"हो. बावीस बैल आहेत," मी म्हटलं.

त्यांचा चेहरा उतरला. "बावीस? मले तेवीस दिसून राहिले."

आता माझा उतरला. एक बैल मला दिसला नव्हता. त्यांना वाटलं, नसलेला एक आपल्याला दिसला. दोघंही आपापला डोळा गेला असं धरून उभे. गाड्यांना बैल जोडीने असतात, तेवीस कसे होतील, हे दोघांच्याही डोक्यात आलं नाही.

खालून आई ओरडली, "चोवीस हायेत. एक सुटून आपल्या दारात वैरण खाऊन राहिला, हाकला आधी."

बैल हाकलला. पण त्या दिवशी मला कळलं की बाबांचीही रेघ हलली आहे, आणि तेही कुणाला बोललेले नाहीत. बोलले होते ते एकट्या कादरचाचांना. मी चाचांना गाठलं. ते कानस पुसत म्हणाले, "नांदगाव के बाजार में वो वैदू बैठता ना, आँख में सुई डालने वाला. तेरे बाबा ने उसकू जबान दे दी. आठ दिन बाद के इतवार की."

नांदगाव खंडेश्वरच्या बाजारातला तो वैदू सगळ्यांना माहीत होता. तो सुईने डोळ्यातला मोतीबिंदू खाली ढकलायचा. कुणाला दिसायला लागायचं. कुणाला जे दिसत होतं तेही जायचं.

"दोन्ही डोळ्यांत?" मी विचारलं.

"नहीं. बोलता है, एक देके देखता हूँ. दुसरा रख लेता हूँ."

*

त्याच आठवड्यात दर्यापूरकडचे अण्णासाहेब देशमुख आले. कापसाने त्या साली त्यांना विलायती दुर्बिणीची बंदूक दिली होती, आणि पाहुण्यांसमोर बांधावरची मडकी फोडायची हौस. दुर्बीण आम्हीच दुरुस्त करून दिलेली. ते धमणीतून, आपल्या हलक्या बैलगाडीतून, उतरले तेच बोलत.

"काय गा सोनारभाऊ, बंदूक माही, दारू माही, मडकं माहं. अन् बंदूक ऐकते कोणाचं? मारोतीचं."

मारोती त्यांचा राखणदार. पन्नाशीचा, वाळका, मागे हात जोडून उभा. देशमुखांनी नेम धरला की मडकं शाबूत राहायचं. मारोतीने धरला की फुटायचं.

बाबांनी बंदूक घेतली आणि नळी पुन्हापुन्हा चाचपून पाहिली. आपल्या हातून नळी वाकडी बसली आणि ती आपल्याला दिसलीसुद्धा नाही, एवढंच त्यांच्या मनात असणार.

गावाबाहेर कोरड्या तळ्याचा बांध आहे. तिथं मडकी मांडली. सुटी कडी आणि धाग्याची डबी माझ्याकडे असायची, म्हणून मलाही नेलं. देशमुखांचे तीन नेम वाया. मारोतीचे तीन बरोबर. देशमुख म्हणाले, "पाहिलं? नोकरी कोण करते ते बंदुकीले समजत नाही."

दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो. मारोतीने बंदूक उचलली, गाल दस्त्याला टेकवला, चाप ओढला. मडकं शाबूत. दुसरं शाबूत. तिसरं शाबूत. मारोती स्वतःच बंदुकीकडे बघायला लागला.

कादरचाचा त्याच्यासमोर जाऊन उकिडवे बसले आणि त्याच्या तोंडाकडे निरखून पाहत म्हणाले, "क्यों रे, कल का तेरा गाल किधर गया?"

"एकादस हाय जी. आज तंबाखू नाही."

रोज त्याच्या उजव्या गालात लिंबाएवढा तंबाखूचा गोळा असायचा. त्यावर गाल टेकला की डोकं बोटभर बाजूला राहायचं. आज गाल रिकामा, डोकं दुसरीकडे.

देशमुखांना हे अर्धंच समजलं, पण तेवढं पुरे होतं. त्यांनी मारोतीची चंची मागितली, तसाच गोळा करून गालात धरला आणि नेम धरला. मडकं फुटलं. पण बंदुकीचा धक्का बसला तसा सगळा रस पोटात गेला. ते बांधावर बसले, मग आडवे झाले.

"मारोती, मडकं फुटलं काय गा?"

"फुटलं जी."

"मग आता मले घरी ने."

*

सगळे हसत परत आले. बाबा हसले नाहीत, आणि मीही नाही, पण माझं कारण वेगळं होतं. मी धमणीत बसून एकच गोष्ट मनात घोळवत होते. डोकं सरकलं की देशमुखांचीही गोळी सरकते. मारोतीचीही सरकते. आणि देशमुख काही आमच्या रक्ताचे नव्हते.

घरी येऊन न्हाणीघराच्या खिडकीशी पाय धूत होते. खिडकीला लोखंडी गज, आणि गजामागे लांबवर चिंचेचा शेंडा. मी पाय धुताना वाकले, तसा शेंडा गजाच्या या बाजूला आला. सरळ झाले, तसा त्या बाजूला गेला. रोज दिसत असणार, पण त्या दिवशी पाहिला. मी पाण्याचा तांब्या हातात घेऊन डोकं उजवीकडे-डावीकडे हलवत राहिले. मी जिकडे, तिकडे शेंडा. जे लांब ते आपल्याबरोबर येतं, जवळचं मागे राहतं. गजाला खडूने एक रेघ ओढली. मी कितीही हलले तरी रेघ गजावरून हलेना, कारण ती गजावरच होती.

कॉलेजात आमच्या बाईंनी दोन पेन्सिली धरून हेच दाखवलं होतं. तेव्हा मी परीक्षेपुरतं लिहून आले होते.

नळीत पुढची काच चित्र पाडते, कळसाचं, मडक्याचं. ते चित्र नळीच्या आत एका ठरावीक जागी पडतं. धागेही बरोबर त्याच जागी हवेत, म्हणजे गजावरच्या रेघेसारखे ते चित्राला चिकटून राहतात. धागे जवभर पुढेमागे झाले, की चित्र आणि धागे गज आणि चिंच होतात. मग डोकं हललं की फुली हलते. कुणाचंही डोकं.

मी धावत माडीवर गेले. शिकंज्यात देशमुखांची, दुरुस्तीला ठेवून घेतलेली बंदूक होती. कादरचाचांना हाक मारली आणि काहीच न सांगता म्हटलं, कळस बघा, आणि मान हळूच हलवा.

त्यांनी पाहिलं आणि डोळा काढून घेतला. हलक्या आवाजात म्हणाले, "बेटी, किसी कू बोलना मत. मेरी तो छे महिने से हिल रही है. मेरे कू लगा, बुढ़ापा आ गया."

म्हणजे तीन माणसं तीन कोपऱ्यांत बसून आंधळी होत होती.

आई तेव्हा वाळवण उलटत होती. मी तिलाही ओढून डोळा लावायला लावला. तिने मान इकडे केली, तिकडे केली. "हलते ना. मांगंच पाह्यली होती मी. मले वाटलं, तशीच असते."

*

कडं काढलं. टिकली डोळ्याच्या बाजूला, जशी बाबा नेहमी बसवतात तशी. आणि धागे पलीकडच्या अंगाला, कड्याच्या जाडीएवढे लांब. सहा महिन्यांपूर्वी मला जी युक्ती सुचली होती, तीच.

मी कडं हातात घेऊन बाबांसमोर उभी राहिले आणि सगळं सांगितलं. टिकली, कोरं अंग, साहेबाची हरणं, सगळं. रागावतील असं वाटलं होतं. ते रागावले नाहीत, आणि ते जास्त वाईट होतं. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला.

"माह्यासाठी दोष आपल्या अंगावर घेऊ नको, पोरी."

"बाबा, खरंच सांगते."

"तुह्या आजोबालेही आमी असंच सांगत होतो. रेघ नाही हलत, पाटलीच वाकडी हाय."

कादरचाचांनी शपथ घेतली. आईने सांगितलं की तिचीही हलते. बाबा म्हणाले, "तुमी सगळे मिळून आले." त्यांना वाटलं आम्ही रविवार टाळायला कट केलाय. कडं उलटं करून बसवलं, पण त्यांनी डोळा लावायलाच नकार दिला. फुली हलली नाही असं दिसलं, तरी ते मनानेच दाखवलं असं आपल्याला वाटेल, एवढं त्यांनी स्वतःच सांगितलं. शेवटी एका गोष्टीला कबूल झाले. गोळी कुणाच्या बाजूने खोटं बोलत नाही. शनिवारी देशमुख आपली बंदूक न्यायला येणार होते. तंबाखू न घेता त्यांनी नेम धरायचा. निशाणाजवळ बाबा स्वतः थांबणार, आणि भोक स्वतःच्या डोळ्यांनी पाहणार. ठिपक्यात असलं तर नांदगाव नाही. नसलं तर रविवारी गाडी जुंपायची.

शुक्रवारी कादरचाचांनी आणि मी कडं केसाएवढं पुढं, केसाएवढं मागं करत दिवस काढला. दीडशे पावलांवरच्या बाभळीवर फुली धरायची, मान हलवायची, पुन्हा कडं सरकवायचं. दुपारी फुली बाभळीच्या फांदीला चिकटली ती चिकटलीच. पण कळसावर धरली की अजून किंचित डुलायची. मी घाबरले. चाचा म्हणाले, अंतर बदललं की चित्र थोडं सरकणारच, त्याला इलाज गालाचा. त्यांनी दस्त्यावर चामड्याचा एक तुकडा ठोकला, गाल रोज तिथंच टेकावा म्हणून. देशमुखांनी दुसऱ्या दिवशी तो पाहिला आणि मारोतीला म्हणाले, "घे, तुहा गाल आता माह्या बंदुकीले लावला."

*

शनिवारची सकाळ. वारा नव्हता. दीडशे पावलांवर, बांधावर सूप बांधलेलं, सुपाच्या मधोमध चुन्याचा ठिपका, रुपयाएवढा. बांधाच्या पलीकडे खोलात बाबा बसले. त्यांच्याजवळ दोन फडकी. गोळी ठिपक्यात बसली तर पांढरं हलवायचं, नाहीतर लाल. गोळी सुटायच्या आधी डोकं वर काढायचं नाही, हे कादरचाचांनी त्यांना चारदा बजावलं.

देशमुखांनी तोंड उघडून दाखवलं, तंबाखू नाही म्हणून. चामड्यावर गाल टेकवला. मी त्यांच्या मागे दहा पावलांवर होते. कानांत बोटं घातली होती, डोळे मिटले होते.

तरीही दचकलेच.

डोळे उघडले तेव्हा सगळीकडे धूर होता. मी कधी पुढे पळाले ते मला कळलं नाही. धूर हळूहळू सरला. बांध दिसला. बांधावर सूप नव्हतं.

पांढरं फडकं नाही. लालही नाही.

"बाबा," मी हाक मारली.

देशमुखांनी बंदूक खाली ठेवली. "सूप कुठं गेलं?" त्यांनी मारोतीला विचारलं. कादरचाचांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली होती. त्यांनी ती का काढली ते मला विचारायचं होतं, पण विचारवेना.

"बाबा!"

बांधावरून एक टिटवी ओरडत उडाली. बाकी काही नाही. मी आणखी पुढे गेले, पायाला काहीतरी टोचलं, खाली पाहायला वेळ नव्हता. दोन्ही हात तोंडाशी धरले आणि जेवढा आवाज होता तेवढा लावून तिसऱ्यांदा हाक मारली.

बांधावर आधी सुपाची कड वर आली, मग बाबांचं पागोटं. ते सावकाश उभे राहिले. दोन्ही हातांनी सूप तोंडासमोर धरलेलं. चुना होता तिथं आता गोल आभाळ दिसायला हवं होतं, पण दिसत नव्हतं, कारण त्यामागे त्यांनी डोळा लावला होता. तसेच ते बराच वेळ आमच्याकडे बघत राहिले. मग सूप खाली केलं.

"वेणू," शंभर-सव्वाशे पावलांवरून बाबांचा आवाज आला, "डाव्या पायातली वहाण कुठं टाकली व? काटे हायेत तिथं."